भिंत कोणाची

गेल्या हिवाळ्यात नांदुरा तालुक्यात भिंती रंगवायची मोहीम झाली. शाळेच्या कुंपणावर मोर आले, बस स्टँडच्या मागे झाडं आली, पाण्याच्या टाकीखाली दोन हात जोडलेले आले. समारोपाला मंडप टाकला होता आणि कोणी पाहुणे भाषणात म्हणाले, "आज पहिल्यांदाच आपल्या भिंतींना वाचा फुटली." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझे हात मांडीवरच राहिले.

पहिल्यांदा म्हणे. याच तालुक्यात एका माणसाने भिंतीवर खरी गोष्ट काढली होती. तिला तेव्हा कोणी वाचा म्हटलं नाही. विद्रूपीकरण म्हटलं, आणि त्याला पोलीस ठाण्यात बोलावून घेतलं. मोर काढणाऱ्याला शाल मिळते, याबद्दल माझी तक्रार नाही. मोराने कोणाचं काय बिघडवलंय. पण त्या मंडपातल्या एकालाही तो माणूस आठवू नये, याचा मला राग आला आणि अजून तो गेलेला नाही.

नांदुऱ्यात त्यांना सगळे नुसतं पेंटर म्हणायचे. मी पेंटरचाचा म्हणत असे. ते गेले त्याला काही वर्षं झाली. उंच, वाळके, पांढरी दाढी, आणि त्या दाढीत कुठे ना कुठे एक रंगाचा ठिपका. सायकलच्या दांडीला बांबूची शिडी बांधलेली, हँडलला दोन डबे, कॅरिअरवर ब्रशांची गुंडाळी. रिकामी सायकल चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. शिडी इतकी लांब होती, की वळणावर ते आधी उतरायचे, मागेपुढे पाहायचे, सायकल हाताने वळवायचे आणि पुन्हा बसायचे. मागून कोणी हॉर्न वाजवला तर म्हणायचे, "वाजव बाबा, वाजव. तुह्या हॉर्ननं शिडी आखूड होत असंल तं वाजव."

मी खामगावचा. कृषी पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा बोंडातल्या अळीला मारणारा बीटी कापूस येऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि शिवारात दुसरा कापूस शोधूनही सापडत नव्हता. मी एका बियाण्याच्या कंपनीत लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता दुसऱ्या नावाने धंदा करते. माझं काम असं, की पेरणीच्या आधी उन्हाळ्यात गावोगाव जायचं, रस्त्याकडेच्या चांगल्या भिंती हेरायच्या आणि त्यांवर आमच्या वाणाची जाहिरात रंगवून घ्यायची. रंगवायला पेंटरचाचा. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरलो. मी मोटरसायकलवर पुढे जायचो आणि त्यांची वाट पाहत बसायचो. ते मला नावाने हाक मारत नसत. पहिल्या दिवसापासून मी 'कंपनी' होतो. "ओ कंपनी, शिडी धर." "ए कंपनी, पाणी पेलं का?"

जाहिरातीचा नमुना छापून आलेला असायचा. एक भलंमोठं फुटलेलं बोंड, शेजारी पिळदार मिशांचा हसणारा माणूस, वाणाचं नाव आणि खाली कंपनीचं वचन: अळीला विसरा.

पहिल्याच भिंतीवर चाचांनी नमुना पाहिला आणि ब्रश खाली ठेवला.

"हे अळी चुकली."

नमुन्यात 'अळिला' छापलं होतं. मी म्हटलं, "चालतं चाचा, तसंच काढा. मुंबईहून पास होऊन आलंय."

"मुंबईत पास झालं असंल. माह्याजवळ नापास हाय."

सातवीपर्यंत ते मराठी शाळेत शिकले होते आणि तिथल्या गुरुजींच्या छडीपेक्षा गुरुजींची अक्षरं त्यांच्या जास्त लक्षात होती. वेलांटी चुकली तर त्यांना जेवण जात नसे. त्यांनी अळीला दीर्घ वेलांटी दिली. पुढे आमचे साहेब अकोल्याहून पाहणीला आले, नमुना आणि भिंत यांत फरक पाहून माझ्यावर घसरले. चाचा शिडीवरूनच म्हणाले, "साहेब, अक्षर माहं हाय. चुकीची अळी मी काढत नाही."

बोंडाचंही तसंच. नमुन्यातलं बोंड एखाद्या फुलासारखं होतं, गुबगुबीत, गोल. चाचा ते पाहतच नसत. कापूस संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग आमच्याकडे प्रत्येक घरामागे जळणासाठी रचलेला असतो. ते त्या ढिगापाशी जायचे, सुटून राहिलेलं एखादं वाळकं बोंड तोडायचे, शिडीच्या पायरीला सुतळीने बांधायचे आणि त्याच्याकडे पाहून काढायचे. टरफलाची तीक्ष्ण टोकं, खाली आलेली एखादी वाकडी पाकळी, सगळं. मी म्हटलं, "चाचा, ती टोकं कशाला? नमुन्यात नाहीत."

"टोकाबिगर बोंड पाह्यलं का तू कधी? वेचनारीच्या बोटाले विचार जाऊन."

म्हणून त्यांचं प्रत्येक गावातलं बोंड वेगळं असायचं. लोक ओळखायचे. "हे आमच्या पांदीकडच्या वावरातलं दिसतं," असं म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत. छापील बोंडाकडे कोणी असं पाहत नाही.

आणखी एक नियम होता, तो मला सगळ्यात जाचक वाटायचा. घरच्या बाईने हो म्हटल्याशिवाय ते शिडी लावत नसत. मी घराच्या मालकाशी बोललेलो असायचो, कंपनीची टोपी आणि कॅलेंडर देऊन झालेलं असायचं, मालक म्हणायचा, "लावा हो, त्यात काय इचारता." चाचा तरी हलायचे नाहीत. बाई शेतात गेली असेल तर ओट्यावर बसून राहायचे. माझा दिवस जायचा. एकदा मी चिडलो तेव्हा म्हणाले, "भित सारवते कोन? उन्हाया-पावसायात पोपडे खरडते कोन? तिले इचाराचं. मालक तं नुसता टेकून बसते."

मला तेव्हा तो म्हातारपणीचा हेका वाटला. आज वाटतं, त्या दोन वर्षांत शिकण्यासारखं माझ्यासमोर जे काही होतं, ते त्या ओट्यावर बसलेलं होतं आणि मी घड्याळ पाहत होतो.

देवांच्या चित्रांवरूनही एकदा त्यांचं वाजलं होतं. बाजाराजवळ एक लांब भिंत होती आणि अख्खं गाव तिचा मुतारीसारखा उपयोग करायचं. कोणा ठेकेदाराला काम मिळालं, की तिथे सगळ्या धर्मांचे देव आणि खुणा रंगवायच्या, म्हणजे लोक लाजतील. तो चाचांकडे आला. चाचा म्हणाले, "देवाले हे काम नोका देऊ. त्याले दुसरे कामं हायेत." ठेकेदार निघून जाणार, तर म्हणाले, "थांब. मी करून देतो." आणि त्यांनी त्या भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईचे दोन डोळे काढले. जाड काचांचा चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला. बाकी काही नाही. डोळ्यांत राग नव्हता. आपल्या नातवाकडे पाहावं तसे ते पाहत होते. माणसं तिथवर यायची, वर पाहायची आणि खोकून पुढे जायची. ती भिंत दोन वर्षं कोरडी राहिली. हे मी सांगतो कारण लोक त्यांना जाहिरातवाला पेंटर म्हणून विसरले. भिंतीवर काय काढलं की माणूस काय करतो, हे त्यांना जितकं कळत होतं तितकं आमच्या मुंबईच्या ऑफिसातल्या कोणालाही कळत नव्हतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते सांगतो.

वडनेर भोलजीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून आत, एक लहान गाव आहे. तिथे गावात शिरतानाच गोदाकाकूंची भिंत होती. गोदाकाकू पन्नाशीच्या, कोरडवाहू कापूस आणि विहिरीपाशी वांगी-मिरची लावायच्या, बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन नांदुऱ्याला यायच्या. भिंत मोठी, सपाट, दक्षिणेकडे तोंड केलेली. उन्हाळ्यात आम्ही तिच्यावर जाहिरात रंगवली होती. काकूंनी चाचांना चहा दिला होता आणि बोंड पाहून म्हणाल्या होत्या, "हुबेहूब काढलं, पेंटरभाऊ."

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. आता हरभऱ्याच्या बियाण्याची जाहिरात करायची होती, त्याच भिंतीच्या उरलेल्या अर्ध्या भागावर. काकू दारातच उभ्या होत्या.

"आता काय लिवाले आले?"

"हरभरा, काकू," मी म्हणालो.

त्या आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. सुपात बोंडं होती. वरून हिरवी, चांगली, मोठी. एक उचलून त्यांनी चाचांच्या हातावर ठेवलं.

"फोडा."

चाचांनी अंगठ्याच्या नखाने बोंड उकललं. आत कापूस असायला हवा तिथे तपकिरी, चिकट लगदा होता, आणि त्या लगद्यात तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी अळी वळवळत होती. काकूंनी दुसरं दिलं. त्यातही तेच. तिसरं. चौथ्याला चाचांनी हात मागे घेतला.

"सारं वावर असंच हाय," काकू म्हणाल्या. "दुकानदार मले दुसरंच देत होता. मी म्हटलं, नाही, माह्या भितीवर हाय तेच दे. तुमच्या हातचं बोंड पाहून लावलं मी, पेंटरभाऊ."

चाचा सुपाकडे पाहत होते. बोललो मी. आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक उत्तर शिकवलं होतं. बीटी बियाण्याच्या पिशवीत साध्या, बीटी नसलेल्या बियाण्याची एक छोटी पुडी येते. ती शेताच्या कडेने लावायची असते, म्हणजे अळीला साधं झाड मिळतं आणि बीटी पचवणारी अळी लवकर तयार होत नाही. शेतकरी ती लावत नाहीत, म्हणून अळी येते. कंपनीची चूक नाही. हे उत्तर मी पाठ केलं होतं आणि म्हणून दाखवलं.

"काकू, ती पुडीतली सरकी कडेने लावली होती का?"

"कोनती पुडी?"

"पिशवीत असते ती. लहान."

"तिच्यावर काय लिवलं होतं?"

काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं. बहुतेक इंग्रजी, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मराठी. चाचा माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही तो चढला नाही.

"हे पुडीचं तू मले लिहाले काऊन नाही देल्लं?"

"चाचा, ते पिशवीवर असतं..."

"मी तीस भिती रंगवल्या. हातभर अक्षरात लिहलं, अळीला विसरा. त्याच्याखाली एक ओळ मावत होती का नव्हती? कडेनं साधी सरकी लावा. इतकंच. वेलांटीसुद्धा सोपी हाय." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "वचन भितीवर आन् अट पुडीत. हे कसं काय, कंपनी?"

त्यानंतर मी कितीतरी शेतीतज्ज्ञांची भाषणं ऐकली. शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही, शेतकरी सूचना वाचत नाहीत, असं प्रत्येकजण सांगतो. वाचायला काय होतं, हे कोणी सांगत नाही. गोदाकाकूंना वाचता येत होतं. त्यांनी आपल्या भिंतीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं होतं आणि त्याप्रमाणेच केलं होतं.

चाचांनी हरभऱ्याचा नमुना गुंडाळून माझ्या हातात दिला आणि काकूंना विचारलं, "बाई, भित तुमची हाय. काढू का?"

काय काढू, ते त्यांनी सांगितलं नाही. काकूंनीही विचारलं नाही. "काढा," म्हणाल्या.

मी म्हटलं, "चाचा, नका. साहेब माझी नोकरी घेतील."

"शिडी धर. नाही धराची तं बाजूले हो."

मी बाजूला झालो. काकूंनी सूप ओट्यावर ठेवलं आणि शिडी धरली.

त्यांनी पांढऱ्या रंगात थोडा लाल घातला, मग आणखी थोडा, आणि फोडलेल्या बोंडाशी धरून पाहिला. अळीच्या डोक्यासाठी तपकिरी वेगळा केला. सुपातलं बोंड सुतळीने शिडीला बांधलं. आपणच काढलेल्या त्या सुंदर बोंडाच्या मधोमध त्यांनी आधी एक भोक काढलं, कडा कुजलेली. मग पाकळ्या तपकिरी केल्या. मग त्यातून बाहेर येणारी अळी, माणसाच्या हाताएवढी, गुलाबी, अंगावर वळ्या, डोकं थोडं उचललेलं. गाव जमा झालं होतं. कोणी हसलं नाही. अळीच्या वर, चाचांच्याच देखण्या अक्षरात, 'अळीला विसरा' तसंच होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही. खाली एक ओळ लिहिली: हे बोंड याच गावच्या शिवारातलं आहे.

पुढचे पंधरा-वीस दिवस ते एकटे सायकलवर फिरले. जिथे जिथे त्यांनी आमचं बोंड काढलं होतं, तिथे गेले. प्रत्येक घरी बाईला विचारलं. प्रत्येक ठिकाणी त्या गावच्या वावरातलं बोंड आणवलं, फोडलं आणि जसं होतं तसं काढलं. दोन-तीन घरांनी नको म्हटलं, तिथे काढलं नाही. एका गावात बोंड चांगलं निघालं. तिथून ते शिडी न लावताच निघून आले. त्या गावाची भिंत शेवटपर्यंत स्वच्छ होती. हे मी पोलीस ठाण्यात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

ठाण्यात आम्हाला बोलावलं तेव्हा तक्रार कंपनीची होती. मजकूर असा, की सदर इसमाने कंपनीच्या जाहिरातींचं विद्रूपीकरण करून बदनामी केली. आमचे साहेब आले होते. मी होतो. चाचा आले तेव्हा त्यांच्या मागे गोदाकाकू आणि आणखी सहा-सात गावांतल्या बायका होत्या. काही जणींच्या हातात बाजाराच्या टोपल्या होत्या, म्हणजे विकून झाल्यावर तशाच आल्या होत्या.

साहेबांनी मिटवायचं ठरवलं होतं. एक माफीनामा तयार होता, तो मीच टाईप केला होता. 'मी गैरसमजातून व कोणाच्या तरी चिथावणीने सदर चित्रे काढली, कंपनीच्या वाणात कोणताही दोष नाही, मी बिनशर्त माफी मागतो.' सही केली की तक्रार मागे.

चाचांनी कागद घेतला. चष्मा लावला. खिशातलं पेन काढलं. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. चाचा बराच वेळ वाचत होते, मध्ये मध्ये पेन टेकवत होते. मग त्यांनी कागद ठाणेदारांच्या टेबलावर ठेवला.

माझ्या टायपिंगमधल्या चार चुकांवर गोल केले होते. 'चिथावणीने'ची वेलांटी, 'बिनशर्त'चा रफार, आणखी दोन. समासात शुद्ध रूपं लिहिली होती. सहीची जागा कोरी.

"शुद्ध करून देल्लं," ते म्हणाले. "सही नाही होत."

ठाणेदारांनी कागद उचलला, पाहिला, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं ते त्यांनी दाबलं. "काऊन नाही होत, पेंटर?"

"साहेब, दोष नाही असं लिहलं याच्यात. मी बोंडं फोडून पाह्यले. मी खोटी गोष्ट भितीवर नाही काढली, कागदावर कशी काढू?"

"पण जाहिरात कंपनीची होती ना?"

"जाहिरात कंपनीची. भित कोनाची?"

गोदाकाकू दारातून म्हणाल्या, "भित माही हाय साहेब. त्यायनं मले इचारलं. मी हो म्हनलं."

"आम्हालेबी इचारलं," मागून आवाज आले.

ठाणेदार आमच्या साहेबांकडे वळले. "तुम्ही भिंतीसाठी परवानगी घेतली होती? लेखी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लेखी काही नव्हतं. टोपी आणि कॅलेंडर होतं. दोन भिंती तर शाळांच्या होत्या, तिथे टोपीसुद्धा दिली नव्हती. सुट्टीत जाऊन रंगवून टाकल्या होत्या. उभ्या जिल्ह्यात शाळा, पूल, बस स्टँड, देवळाची मागची बाजू, कुठेही बियाणं, औषध, खत, सिमेंट, गुटखा यांची नावं लिहिलेली असत. त्याला आजवर कोणी विद्रूपीकरण म्हटलं नव्हतं. विकणारा लिहितो तेव्हा ती जाहिरात असते. ज्याने विकत घेतलं तो लिहितो, तेव्हा कायदा आठवतो.

ठाणेदारांनी तक्रार नोंदवून घेतली नाही. "समज दिली," एवढं म्हणाले, आणि कोणाला दिली ते स्पष्ट केलं नाही. चाचा सायकल घेऊन निघून गेले. बायका टोपल्या उचलून गेल्या. गावांत पीक पाहणीला अधिकारी आले, कागद भरले गेले, त्यांचं पुढे काय झालं ते कोणाला कळलं नाही. भिंतींचं मात्र लगेच झालं. साहेब अकोल्याला जायच्या आधी मला म्हणाले, "आठवड्यात सगळ्या भिंती कोऱ्या पाहिजेत."

मी दोन मजूर घेतले, त्यांनी चुन्याची पोती आणली आणि मी त्यांना घेऊन गावोगाव फिरलो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं. गोदाकाकूंच्या भिंतीपाशी मजुरांनी बादलीत चुना कालवला तेव्हा त्या ओट्यावर वांगी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, वरून सांगितलंय, पुसावं लागेल."

"पुसा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आम्हाले इचाराची पद्धत तं नाही तुमची."

अळीवर पहिला हात फिरला आणि ती दिसेनाशी झाली. सहा दिवसांत मी सगळ्या अळ्या पांढऱ्या केल्या. कुठल्याही घरी बाईला विचारलं नाही.

त्यानंतर चाचांना जिल्ह्यात एकाही बियाण्याच्या किंवा औषधाच्या कंपनीने भिंत दिली नाही. सगळ्यांचे साहेब एकमेकांना ओळखत होते. तसेही फ्लेक्स आले होतेच. खामगावला एका मशीनमधून तासाभरात मिशांचा माणूस बाहेर पडायचा, टोकं नसलेल्या बोंडासकट. चाचा टेम्पोच्या फळ्यांवर नंबर लिहू लागले, दुकानांचे शटर रंगवू लागले. पिठाच्या गिरणीवर 'दळण दुपारपर्यंत आणावे' असं त्यांनी लिहिलेलं मी पाहिलं. इतकी सुरेख 'णा'ची मुरड मी नंतर कुठे पाहिली नाही.

एप्रिलमध्ये, पेरणीच्या जाहिरातींचा हंगाम सुरू होताना, साहेबांचा फोन आला. ते ओरडत होते. मी मोटरसायकल काढून वडनेरच्या बाजूला गेलो. गोदाकाकूंच्या भिंतीवरचा चुना उन्हाने तडकून पोपड्यांनी गळून पडला होता. खाली जमिनीवर पांढरा चुरा, आणि वर अळी, बोंड, सगळी अक्षरं, जशीच्या तशी. तेलाचा रंग होता तो, त्यावर चुना धरत नाही. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावातही. ऐन बियाणं घ्यायच्या दिवसांत लोक त्या भिंतींपुढे थांबत होते, पिशव्यांवरची बारीक अक्षरं उन्हात धरून वाचत होते, दुकानदारांना पुडीबद्दल विचारत होते.

परतताना नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर चाचा दिसले. एका टेम्पोच्या मागच्या फळीवर नंबर काढत होते. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनी पाहिलं.

"ओ कंपनी. ये, चहा पे."

शेजारच्या टपरीवर बाकडं होतं. ते बसले. मला बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ते माझ्यावर खूश होते.

"पाहून आला?"

"हो."

"मी सगळ्याले सांगतलं," ते म्हणाले. "पहिले मले तुहा लय राग आला होता. मजूर घेऊन हिंडून राह्यला असं ऐकलं तं वाटलं, हा बी गेला. मंग कोनीतरी म्हनलं, चुना मारून राह्यला. मी तठीच हसलो. तेलाच्या रंगावर चुना. म्हनलं, माह्यासंगं दोन सालं राह्यलेलं पोरगं हाय. साहेबाचंबी ऐकलं आन् भितीलेबी हात नाही लावला. पेंटरासंगं हिंडल्याशिवाय हे डोकं येत नाही."

सायकलच्या हँडलला एक पिशवी होती. ती काढून त्यांनी माझ्या पायाशी ठेवली. "गोदाबाईनं देल्ले तुह्यासाठी. वांगे हायेत. मी तिले सांगतलं, पोरगं इमानदार हाय."

मी पिशवीकडे पाहिलं. लहान, जांभळी, काटेरी देठांची वांगी. मी नुसतं हसून ती उचलली असती तर आज त्या गावांत माझं नाव चांगलं निघालं असतं. पण ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेसमोर ते जमलं नाही.

"चाचा," मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले पुसा. मजुरांनी चुना आणला, म्हणून चुना मारला. टिकत नाही हे मला खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तेलाचाच रंग मारला असता."

चहा आला. त्यांनी आपला ग्लास घेतला, फुंकर मारली, आणि पीत राहिले. मग वाकून पिशवी उचलली आणि परत आपल्या हँडलला अडकवली. रागाने नाही. एखादी वस्तू चुकीच्या घरी दिली गेली असावी तसं.

"दोन सालं तू माह्यासंगं होता," ते म्हणाले. "रोज भितीसमोर. मंग पाहून काय राह्यला होता?"

ते उठून टेम्पोपाशी गेले. मी चहा संपवला. त्यानंतर दीड वर्ष मी त्याच कंपनीत नोकरी केली.